परबकाकांची तिसरी पाळी

आमच्या ऑफिसात माणसं चार आणि त्या चौघांची हजेरी घ्यायला पाचवा. असा धंदा जगात कुठे चालत नाही. आमचाही पुढे चालला नाही, पण तो परबकाकांमुळे बुडाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट बुडण्याआधी दोन-अडीच वर्षं तो जो काही तरंगला, तो त्यांच्यामुळे. आणि खुद्द परबकाकांवर घरी बसायची वेळ एकदा आली होती ती कोणामुळे, तेही पुढे येईलच. सांगणारा मीच असल्यामुळे मला लपायला जागा नाही.

काळ शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा. साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली स्प्रिंगा बनवायचा कारखाना. तिथलं प्रेस मशीन आपटलं की वर आमचा चहा कपातल्या कपात उडी मारायचा. वर आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहीत असू. आम्ही म्हणजे मालक सबनीससाहेब, टायपिंगपासून टोमण्यांपर्यंत सगळं सांभाळणारी नलिनी, कॅसेटी भरणारे एक गृहस्थ, जे या गोष्टीत तोंड उघडत नाहीत, आणि मी. मी इंजिनिअर होतो. म्हणजे तसं माझ्या आईने सगळ्यांना सांगितलं होतं.

परबकाका आमच्याकडे आले ते गिरणीतून. चोवीस वर्षं ते एका कापड गिरणीच्या फाटकावर टाईमकीपर होते. गिरणीला कुलूप लागलं आणि तीन-चार वर्षं इकडेतिकडे काढून ते सबनीसांच्या सासऱ्यांच्या ओळखीने आमच्या जिन्यात उभे राहिले. सबनीसांना नाही म्हणता येईना. "तीन महिने बघू या, परब," ते म्हणाले. "काम काही निघालं तर ठीक."

"काम निघता, साहेब," परबकाका म्हणाले. "माणूस तिथे म्हणजे हजेरी. हजेरी तिथे म्हणजे मी."

दुसऱ्या दिवशी ते घाटकोपरच्या घरातून एक लांबडं मस्टर घेऊन आले. चौघांची नावं, महिन्याचे रकाने, शेवटी 'शेरा'. नऊ वाजून दहा मिनिटांनी लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकाने रेघ. पहिल्याच दिवशी त्या रेघेखाली सगळ्यांत आधी सही करावी लागली ती सबनीससाहेबांना.

"अहो परब, मी मालक आहे."

"होय साहेब. म्हणून शेऱ्यात तसं लिहिलंय. 'मालक. उशिरा.'"

अंगाने बारके, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, कानावर पेन्सिल. मनगटावर मात्र घड्याळ नाही. "चोवीस वर्षं घड्याळाखाली बसलो, आता अंगावर कशाक घेऊ?" दुपारी डबा झाला की खुर्चीत ताठ बसून बरोबर बारा मिनिटं झोपत. नलिनीने दोनदा मोजलं होतं. दर आठवड्याला पाळी बदलून बदलून त्यांच्या झोपेला दिवस-रात्र राहिली नव्हती. मिळेल तिथे ती उतरायची आणि वेळेवर निघून जायची.

प्रत्येक कागद कार्बन घालून तीन प्रतींत काढायचा हीसुद्धा गिरणीतली सवय. चहाच्या टपरीवर 'चार कटिंग' असा निरोप द्यायचा तरी तीन प्रती. एक टपरीला, एक फाइलला आणि एक, देव जाणे कुणाला.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण शेऱ्यावरून झालं. मी अंधेरीहून यायचो आणि रोज उशिरा यायचो. एकदा म्हणालो, "काका, मरोळ नाक्यावर बस बंद पडली." त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. मी खूश. दुपारी मस्टर पाहिलं तर शेऱ्यात होतं, 'बस बंद पडली, असे सांगतो.'

"असे सांगतो म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

"इश्वास आहे रे. पण मी बस बघितली नाय. मस्टर खोटं बोलता नये. तू बोललास ता त्याने लिहिलान."

अशा माणसाला आमच्या गेममध्ये ओढायची कुणाची इच्छा असणार? माझी तर नव्हतीच.

गेमचं असं झालं. टीव्हीला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर तेव्हा नवे होते. रबरी बटणांचा डबा, आणि प्रोग्रॅम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर सुरू केला की सहा मिनिटं मांजरं भांडल्यासारखा आवाज यायचा, मग पडद्यावर काहीतरी उमटायचं किंवा उमटायचं नाही. मुलुंडला पाठारेशेठचं टीव्हीचं दुकान होतं. त्यांच्या डोक्यात आलं की या डब्याबरोबर मराठी गेम दिला तर दिवाळीत डबे खपतील. परदेशी कॅसेटींवर त्यांनी एक प्रकार पाहिला होता. त्यात नुसत्या गोळ्या झाडायच्या नसतात. आपण कुणीतरी व्हायचं, शिपाई व्हा, वैद्य व्हा, हेर व्हा, गावात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, त्यांच्याकडून वस्तू मिळवायच्या, बळ वाढवायचं आणि शेवटी राक्षसाला गाठायचं. "असं आपल्या मातीतलं बनवा," शेठ म्हणाले. ही ऑर्डर पुरी झाली तर पुढच्या चार गेमची बोलणी. नाही झाली तर सबनीसांचा गाळा स्प्रिंगवाले घ्यायला टपलेलेच होते.

मी गडाखालचं गाव रचलं. अकरा घरं, वाणी, लोहार, वैद्य, तेली वगैरे. देवनागरी उमटवायची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे सगळा गाव इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचा. एका दुपारी मी लोहाराकडून तलवार घेत होतो. बारा मिनिटांची झोप संपवून परबकाका मागे येऊन उभे राहिले.

"हा कोण?"

"लोहार."

"सकाळी पण इथेच होतो."

"तो इथेच असतो, काका."

"जेवता कधी?"

"जेवत नाही."

"सुट्टी?"

"काका, तो चौकोन आहे. आठ ठिपके गुणिले आठ ठिपके."

काकांनी चौकोनाभोवतीच्या गावावरून बोट फिरवलं. "गावात दिवस मावळता?"

"नाही. रात्र कशाला हवी? लोक खेळायला बसणार, मजा करायला. अंधार झाला, दुकानं बंद, थांबा सकाळपर्यंत, असं केलं तर कॅसेट फेकून मारतील. आणि मेमरी कुठाय? अठ्ठेचाळीस के!" आज सकाळी सकाळी मोबाईलवर जे गुलाबाचं फूल येतं त्या एका फुलाला याहून जास्त जागा लागते. आमचा गड, गाव, राक्षस आणि राक्षसाचा खजिना, सगळं त्यात बसवायचं होतं.

"मग गाव कसला रे?" ते म्हणाले. "कधीही जा, लोहार उभा. कधीही जा, वाणी उभा. ह्या सगळ्यांका तू कोंडून घातलंस. ज्याची वाट बघूक लागत नाय, तो भेटला काय नि नाय भेटला काय!"

"काका बरोबर बोलतायत," नलिनी टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाली. "तू स्वतः कधी वेळेवर भेटत नाहीस म्हणून तुला किंमत आहे थोडीफार."

वाद आठवडाभर चालला. सबनीस दोन्ही बाजूंनी मान डोलवायचे. शेवटी मी चिडून म्हणालो, "ठीक आहे! करतो दिवस-रात्र. पण कोण कधी उठतो, कोण कधी दुकान लावतो, हे सगळं तुम्ही लिहून द्या." मला वाटलं, घाबरतील. चोवीस वर्षं कामगारांच्या पाळ्या लावलेल्या माणसाला मी अकरा चौकोनांच्या पाळ्या लावायला सांगत होतो! काकांनी कानावरची पेन्सिल अशी काढली, की मला वाटलं आता तलवारच उपसणार.

दोन दिवसांत तक्ते तयार. वाणी दुपारी दोन तास बंद, कारण वाणी दुपारी झोपतोच. लोहाराच्या सुनेला दिवस गेले आहेत, सबब तो मंगळवारी लवकर उठेल. राक्षसाला त्यांनी साप्ताहिक सुट्टी लावली होती, गुरुवारची. त्यावरून माझी नि त्यांची जुंपली. "सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्याने काय करायचं?" "खजिना घेऊन जायचो!" शेवटी सुट्टी काढून राक्षसाला अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी द्यायचं ठरलं.

आणि इथे मी माती खाल्ली.

काकांनी मला कागद दिले तीन. त्यांच्या तीन प्रतींचा मला इतका वीट आला होता, की मी वरचा कागद ठेवला आणि खालचे दोन न बघता बाजूला सारले. त्यातल्या एकाने मी बटाटावड्याचं तेल टिपलं. दुसऱ्याचं काय झालं आठवत नाही, पण त्याचंही भलं झालं नसावं. वरच्या कागदावर सकाळपासून संध्याकाळपर्यंतची माणसं होती. मी ती इमानदारीने भरली. संध्याकाळ झाली की पडदा पिवळ्याचा निळा व्हायचा, निळ्याचा काळा, आणि सगळी दारं बंद. दार ठोठावलं की एकच वाक्य, 'झोपले आहेत. सकाळी या.' अकराही घरांना एकच वाक्य, म्हणजे मेमरीची केवढी बचत! उरलेल्या जागेत मी सुरुवातीला गडाचं चित्र टाकलं आणि त्याखाली माझं नाव, पाच रंगांत लुकलुकणारं.

शेठ बघायला आले ती सकाळ. परबकाकांचे तीन महिने त्याच आठवड्यात संपत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच मस्टरात पुढच्या महिन्यासाठी चार नावं लिहिली होती, पाचवी ओळ कोरी. सबनीसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज ऑर्डर पक्की झाली तर परबांना ठेवता येईल. नाहीतर मला जड जाईल, पण..." पुढचं खालच्या प्रेस मशीनने खाल्लं.

मी कॅसेट लावली. मांजरं भांडली. गड उमटला, माझं नाव लुकलुकलं. शेठ म्हणाले, "वा!" आणि चहा प्यायला बसले. मग मुलुंडच्या रस्त्यांबद्दल बोलले. मग टीव्ही कंपन्यांच्या हरामखोरीबद्दल बोलले. आमच्या गेममधला दिवस चोवीस मिनिटांचा होता, आणि त्याचं घड्याळ कुणी खेळो न खेळो चालत राहायचं. ही हुशारीही माझीच. शेठनी कप खाली ठेवून खुर्ची पुढे ओढली, आणि पडदा निळा झाला.

"हे काय?"

"संध्याकाळ, शेठ," मी अभिमानाने म्हणालो. "आपल्या गेममध्ये दिवस-रात्र आहे."

शेठनी वाण्याचं दार ठोठावलं. झोपले आहेत, सकाळी या. लोहाराचं. झोपले आहेत. वैद्याचं, तेल्याचं, पाटलाचं. झोपले आहेत, सकाळी या. सहावं दार, सातवं दार. शेठ चिकाटीचा माणूस. अकरावं दार ठोठावून त्यांनी मान वळवली.

"सबनीस, हा गाव आहे की सरकारी ऑफिस?"

नलिनीने रुमाल तोंडात घातला. सबनीसांचा चेहरा पडद्याइतकाच काळा झाला. "परब," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या त्या रात्रीने घात केला हो. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

परबकाका माझ्या कानाशी आले. "तिसरी पाळी खंय?"

"कुठली तिसरी पाळी?"

"तीन कागद दिलंय ना तुका? वरच्यावर पहिली नि दुसरी, खालच्या दोनांवर तिसरी."

"ते... मला वाटलं, कार्बन कॉप्या."

आयुष्यात मी पुष्कळदा खजील झालोय, सरावच आहे म्हणा ना. पण त्या वेळी काकांनी माझ्याकडे पाहिलं तसं कुणी पाहिलं नाही. ते रागावले नव्हते. फाटकावर एखाद्या माणसाने बिल्ला हरवला म्हणून सांगितल्यावर बघत असतील, तसं बघितलं, आणि सरळ शेठच्या खुर्चीपाशी गेले.

"शेठ, ती दारं सोडा. दिवसपाळीची माणसं ती. डावीकडे नदीवर चला आणि हाक मारा."

"हाक मारायची कशी? कुठलं बटण?"

"बटण नको. तोंडाने मारा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं, आणि अंमळ लाजून हाक मारली, "कोण आहे रे तिकडे?"

"हळू बोल!" काकांचा आवाज एकदम घोगरा झाला. "मासे उठतील. मी गंगाराम. जाळं टाकून बसलंय. तू कोण, नि ह्या वेळेक हिंडतंस का?"

"मी... शिपाई. राक्षसाला मारायला निघालोय."

"कशान मारतलंस? तलवार खंय?"

"लोहार झोपलाय!"

"झोपणारच. दिवसभर घण मारून माणूस झोपणार नाय तर काय? तू असं कर. तिकडे चुन्याची भट्टी पेटली आहे ना, तिथे इस्माईल आहे. रात्रभर आग राखता. त्याका विचार."

मग काका इस्माईल झाले. बोलता बोलता खोकायला लागले, कारण भट्टीवरचा माणूस खोकणारच. इस्माईलने सांगितलं की भट्टीचा धूर गडावर गेला की राक्षसाला ठसका लागतो. पहाटेपर्यंत तो बेजार असतो, तलवारीची गरजच नाही. मग गस्तवाला धोंडू भेटला. त्याने शेठना चोर समजून असं झापलं की शेठ खुर्चीतून अर्धे उठले. मग सखूबाई सुईण भेटली, लोहाराच्या सुनेकडे निघालेली. तिला कंदील धरला तर ती गडाची मागची वाट दाखवणार होती. पडदा काळाच होता. त्यावर काहीही हलत नव्हतं. खाली प्रेस मशीन आपटत होतं आणि शेठ रबरी बटणांवरचे हात विसरून, तोंडाने सांगत होते, "धरला! कंदील धरला! चल बाई लवकर!"

मध्येच पडद्यावर आपोआप उजाडलं. वाण्याने दुकान उघडलं. शेठ चक्क वैतागले. "अरे, सकाळ कशाला झाली आता!"

मग भानावर येऊन म्हणाले, "सबनीस, ही रात्रीची माणसं सगळी आत घाला. पुढच्या सोमवारी परत येतो. असं गाव मला पायजे."

ते गेल्यावर सबनीसांनी विचारलं, "परब, ही माणसं आतापर्यंत होती कुठे?"

मी घसा खाकरला. नोकरी जाणार हे नक्की होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "तिसरी पाळी, साहेब. थोडी उशिरा पोचली."

तरीही मी खरं ते सांगितलं. वड्याच्या तेलासकट सांगितलं. माझ्या शौर्याची ही एवढी एकच नोंद आहे, म्हणून लिहून ठेवतो. सबनीस काही बोलायच्या आत नलिनीच इतकी हसली की त्यांना रागवायला जागा उरली नाही.

संध्याकाळी काकांनी तिसऱ्या पाळीचे कागद पुन्हा लिहायला घेतले. कशाकडेही न बघता, एकामागून एक नावं. मी म्हटलं, "काका, पाठ आहेत तुम्हाला?"

"खरी माणसं ही," ते म्हणाले. "तिसऱ्या पाळीची. गंगाराम साच्यावर कापड विणायचा, इस्माईल बॉयलरवर. सखूबाई फाटकाबाहेर चहा विकायची. मालकाने ह्यांका कधी बघितल्यान नाय. मालक यायचो दिवसाचो. ह्यांची नावं काय ती माझ्या मस्टरात." पेन्सिलीचं टोक त्यांनी जिभेला लावलं. "तुका वाटता, रात्र म्हणजे बंद. रात्री फाटक बंद होत नाय रे. माणसं बदलतत."

त्या आठवड्यात मी वेळेवर आलो, मस्टर साक्षी आहे. जागेची मारामार होती. गडाचं चित्र काढून टाकलं. तरी तीन माणसं मावेनात. शेवटी काय काढलं तर माझं लुकलुकणारं नाव. ते निघालं आणि धोंडू, सखूबाई आणि इस्माईल खोकल्यासकट आत बसले. मी तीन माणसांची जागा अडवून बसलो होतो, हे कॉम्प्युटरने सिद्ध करून दाखवलं. दिवस-रात्र हवी की नको, या वादात त्यानंतर मी कधीच पडलो नाही.

सोमवारी शेठ आले आणि जेवायला उठले नाहीत. ऑर्डर पक्की झाली. परबकाकांना नेमणुकीचं पत्र द्यायचं तर हुद्दा काय लिहायचा, यावर सबनीस अडले. "क्लार्क? असिस्टंट?"

"टाईमकीपर," काका म्हणाले. नलिनीने तसं टाइप केलं. मस्टरातल्या कोऱ्या ओळीवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि निळ्या टोकाने पहिली हजेरी मांडली.

दोन वर्षांनी ते घरगुती डबे बाजारातून गेले, त्यांच्यामागे आम्ही गेलो. काकांनी कणकवलीकडे गावी जायचं ठरवलं. जायच्या आधी एकदा त्यांना शेठना भेटायचं होतं, म्हणून मी त्यांना मुलुंडला घेऊन गेलो. भर दुपार होती. उरलेसुरले डबे खपवायला दुकानात काचेमागे एका टीव्हीवर आमचा गेम चालू होता. एक बाई नवऱ्याला बाजूला सारून खेळत होत्या. शेजारी एक नवा सेल्समन उभा होता, गळ्यात टाय, अंगात उत्साह.

बाई लोहाराच्या अंगणातून निघाल्या आणि पडदा निळा व्हायला लागला. सेल्समनचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक हातचं जाणार! "मॅडम, एक मिनिट, पिक्चर ट्यूबचा प्रॉब्लेम आहे," असं म्हणत त्याने टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली. पडदा आणखी गडद झाला. त्याने दुसरी जोरात मारायला हात उचलला.

मी काही म्हणायच्या आत परबकाका काच ढकलून आत गेले होते. त्यांनी त्या पोरगेल्या माणसाचं मनगट वरच्या वर धरलं.

"मारू नको रे तेका," ते म्हणाले. "टीव्ही बरो आसा. तिनसांज झाली."